भोपळ्यातला दिवा आणि कबरीवरची मेणबत्ती



रविवारच्या मिस्सानंतर धर्मशिक्षण वर्गातील काही मुलांनी आम्हांला गाठले. "फादर, सोसायटीत हॅलोविन आहे. भोपळा कोरला तर पाप लागेल का?" मागे उभी असलेली एक आई म्हणाली, "फादर, हे भुताखेतांचे आहे, तुम्हीच त्यांना सांगा." शेजारचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, पोरांची गंमत आहे ती!" फाटकात उभे राहून उत्तर देणे आम्हांला जमले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

हॅलोविन या शब्दाचा अर्थ 'सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या' असा आहे. म्हणजे नाव तरी आपल्याच घरचे आहे. आयर्लंडमधील लोक त्या रात्री सलगमसारखे कंद पोखरून त्यात दिवा ठेवीत. १९व्या शतकात ते अमेरिकेत गेले. तिथे त्यांना मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला, आणि कंदाची जागा भोपळ्याने घेतली. तिथून सिनेमा आणि मॉलच्या वाटेने तो आता दापोडीपर्यंत आला आहे.

मग तो चांगला की वाईट? वस्तूच्या जन्मकथेवरून याचा निकाल लागत नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवितात की कृतीची पारख करताना तीन गोष्टी पाहाव्यात: काय केले, कशासाठी केले आणि कोणत्या परिस्थितीत केले. फळभाजी कोरणे यात दोष नाही. मुलांना चार घटका आनंद मिळावा, हा हेतूही वाईट नाही. आपण बहुधा अडखळतो ते तिसऱ्या पायरीवर.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका इमारतीत आजाऱ्याला कम्युनियन द्यायला गेलो होतो. जिन्यात कागदी कवट्या, सांगाडे आणि एक कोरलेला भोपळा होता. आम्हीही कौतुकाने हसून पुढे गेलो. त्याच मजल्यावर समोरच्या घरातला तरुण मुलगा दोन महिन्यांपूर्वी गेला होता, हे आमच्या ध्यानातच आले नाही. त्याची आई रोज त्या सांगाड्यांसमोरून कुलूप उघडून आत जात होती. मुलांच्या मनात काही वाईट नव्हते, आमच्याही नव्हते. पण 'मनात वाईट नव्हते' एवढ्याने शेजाऱ्यावरील प्रीतीचे कर्तव्य पुरे होत नाही. मूर्तींना वाहिलेल्या अन्नाबद्दल संत पौल करिंथकरांना हेच समजावतो: मला मोकळीक आहे हे खरे, पण माझ्या मोकळिकीने भाऊ ठेचकाळत असेल तर मी थांबावे.

आता भोपळ्याला सैतानी म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न. आपल्यापैकी काहींच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोहळा टांगलेला असतो. अख्ख्या लाल भोपळ्याला पहिली चीर बाईने मारू नये, म्हणून शेजारच्या पुरुषाला हाक मारली जाते. ती भीती आपल्याला घरची वाटते आणि ही परदेशी, एवढाच काय तो फरक. प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्याने दोन्ही भीती सोडायला हव्यात.

भोपळ्यातल्या दिव्याची आयरिश लोककथा जॅक नावाच्या लबाड माणसाची आहे. त्याने सैतानाला फसविले, पण मेल्यावर त्याला ना स्वर्गात जागा मिळाली ना नरकात. हातात एक निखारा घेऊन तो अंधारात भटकत राहिला. आपल्याकडची म्हातारीही लेकीच्या घरून भोपळ्यात बसून वाघाला चकवीत येते. दोन्ही गोष्टींत मरणाला युक्तीने टाळायचे आहे. मरणाची भीती वाटणे हे माणसाचे माणूसपणच आहे, म्हणून त्या गोष्टी आपल्याला आवडतात. पण आपल्या प्रभूने मरणाला चकविले नाही. तो त्यातून गेला आणि पलीकडे उठला. जॅकचा निखारा वाट दाखवीत नाही, पास्काची मेणबत्ती दाखविते.

तेव्हा मुलांनो, खुशाल भोपळा कोरा. बुडाला सपाट आणि देठाला घट्ट असा निवडा. आपल्याकडचा डांगर भोपळा जाड गराचा असतो, म्हणून सुरी मोठ्यांच्या हाती द्या. गर टाकू नका, आईला त्याचे घारगे करू द्या. चेहरा हसरा काढा. आणि दिवा लावण्यापूर्वी शेजारी कोण दुःखात आहे का, एवढे विचारून या.

पालकांनो, आम्हांला खरी काळजी वेगळीच आहे. ३१ ऑक्टोबर मुलांना पाठ आहे, पण १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरचा मृत भाविकांचा स्मरणदिन त्यांना ठाऊक नाही. मरणाचे सोंग त्यांनी पाहिले आहे, आजोबांची कबर पाहिलेली नाही. २ तारखेला त्यांना कबरस्थानात घेऊन या. त्यांच्याच हातांनी गवत काढू द्या, नाव वाचू द्या, मेणबत्ती लावू द्या. ज्यांच्या कबरीवर कोणी येत नाही, तिथेही एक लावू द्या.

त्या मुलाच्या आईकडे आम्ही नंतर गेलो आणि क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, "फादर, भुताची भीती नाही वाटली. माझ्या लेकराला सगळे विसरले, असं वाटलं." या नोव्हेंबरात आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही आईला असे वाटू नये, हीच प्रार्थना.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू