आमच्या जिल्ह्याचा समुद्र

आमच्या भंडारा जिल्ह्याला देवाने तलाव दिले, तांदूळ दिला, पितळेची भांडी दिली. समुद्र तेवढा द्यायचा राहिला. ती उणीव सरकारने भरून काढली. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. तेव्हा शाळेत जाणाऱ्यांची मुले कॉलेजातून बाहेर पडली, तरी काम चालूच. पाणी मात्र साठले. इतके, की अंभोऱ्याला उभे राहून पलीकडचा काठ पाहायचा तर चष्मा पुसून घ्यावा लागतो.

हे पाणी पाहायला आम्ही आधी नागपूरला गेलो. हसू नका. साडूंनी 'नागपूर ते नागपूर, एक दिवस, जेवणासह, सोबत गाइड' अशी तिकिटे काढून ठेवली होती. तेव्हा आदल्या रात्री साठेक किलोमीटर उलटे जाऊन, पहाटे पाचला उठून, आम्ही आमच्याच अंगणाकडे निघालो.

गाइड भलताच उत्साही. "हे आपलं विदर्भाचं कोकण!" त्याने संगम दाखवला, चैतन्येश्वराचे मंदिर दाखवले, २०२४ मध्ये खुला झालेला, तारांवर तोललेला पूल दाखवला. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच लिहिला, असेही ठणकावून सांगितले. (आंबेजोगाईकरांना हे मान्य नाही, पण ते बसमध्ये नव्हते.) नागपूरची नाग नदी आपले सांडपाणी घेऊन कन्हानमार्गे इथेच येते, एवढे मात्र त्याने सांगितले नाही. नागपूरकर भक्तिभावाने ओंजळी भरत होते.

मग नाव. सौभाग्यवतींनी नावाड्याला विचारले, "किती खोल असेल हो?"

"आमच्या घरावर दोन मानसं उभी राहतील जी," तो म्हणाला.

"तुमच्या?"

"इथंच होतं. आता वर, नव्या गावठानात राहतो."

नावेत एकदम शांतता पसरली. माझ्या हातात चिवड्याचा पुडा होता. कुणाच्या तरी माजघरावर बसून चिवडा खावा की नाही, याचा निवाडा 'विवेकसिंधु'त असेल तर मला ठाऊक नाही. मी पुडा मिटला.

साडू म्हणाले, "मग काय डोळे मिटून बसायचं? ताजमहाल तरी काय, थडगंच!"

मुद्दा बिनतोड वाटला; पण ताजमहालात ज्याचे थडगे, तो आपल्याला हात धरून फिरवत नाही. बरे, धरणच नको होते म्हणावे, तर कालव्याच्या पाण्यावर ज्याचे धान उभे राहते तोही इथलाच माणूस. आणि तो भात मी दोन्ही वेळा जेवतो. पाणी सुंदर होते, हीच खरी पंचाईत होती. उन्हात ते असे काही चमकत होते, की हळहळायचे ठरवून बसलेला मी दोनदा "वा!" म्हणालो आणि दोन्ही वेळा ओशाळलो.

नावाड्याने ते ऐकले असावे. "म्हना ना जी. चांगलं दिसते त चांगलंच म्हनावं. मीही म्हनतो. आमची माय नाही म्हनत. ती इकडं येतच नाही." मग वल्हे थांबवून म्हणाला, "एखादा निस्त्या पान्याचा फोटो पाठवा मले. तिले दाखवीन."

पाठवतो म्हणालो, त्याचा नंबरही घेतला. रात्री घरी येऊन पाहतो तो, दिवसभरात एकूण त्रेचाळीस फोटो निघाले होते. त्रेचाळीसही फोटोंत पाण्यासमोर साडू उभे होते.