बारा सगळ्यांना दिसतो

हिवरा नदीकाठी आमची चार बिघे जमीन होती. मिरची पिकायला लागली की सकाळी आई माझ्या हातात टोपली द्यायची आणि बजावायची, "पिकेल तेवढीच तोडजो रे." मी मन लावून तोडायचो. टोपली ओट्यावर ओतली की आई कपाळावर हात मारायची. "डोये गहान ठेवले का रे? अर्ध्या तं हिरव्याच हायेत!"

मला त्या सगळ्या सारख्याच दिसत. पण सारख्या दिसतात हे सांगायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं. ज्याला जे दिसतं, तेच जग आहे असं तो धरून चालतो. घरात माझ्यावर कामचुकार म्हणून शिक्का बसला. आणि खोटं कशाला बोलू, पुढे पुढे मलाही वाटायला लागलं, की आपलं कामात चित्त नसतं म्हणूनच असं होतं.

पाचोरा म्हणजे रेल्वेचं गाव. भुसावळ-मनमाड मोठ्या लाइनीवरचं जंक्शन, आणि बाजूला जामनेरला जाणारी आमची छोटी पीजे. कोविडच्या टाळेबंदीत ती थांबली, पण तोवर दोन-तीन पिढ्यांचा बाजार, शाळा, लग्नं तिच्यावरच झाली. आम्हा पोरांना सिग्नल पाठ असायचे. तेव्हा हाताचे सिग्नल होते. हात आडवा म्हणजे थांबा. हात हलला की गाडी आली. हाताकडे बघून मी कधीच चुकलो नाही. रात्री मात्र हात दिसत नाही, नुसता दिवा दिसतो. रात्री सिग्नल बघायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती.

1976 साली पॉइंट्समनच्या जागा निघाल्या. लेखी झाली, मग डोळ्यांची तपासणी. माझ्या आधी पास झालेल्या एका मित्राने कागदावर आकडे लिहून दिले. "ठिपक्यांचं पुस्तक असतं. हे पाठ कर. पहिल्या पानावर 12, दुसऱ्यावर 8." बेचे पाढे म्हणावेत तसे मी ते आकडे पाठ केले. हे कशासाठी करतोय, असं मनात आलं नाही. परीक्षा म्हटली की पाठांतर, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

डॉक्टर घाईत होते. पहिलं पान उघडलं. 12 मला खरंच दिसला. दुसऱ्या पानावर मला चांगला ठसठशीत 3 दिसत होता. मी म्हणालो, "आठ." पुढचं सगळं तसंच. पुस्तकाने मला पास केलं.

मग आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. समोर एक कंदील होता. त्याची चकती फिरवली की बारीक दिवा रंग बदलायचा. त्याला एड्रिज-ग्रीनचा कंदील म्हणतात, हे फार नंतर कळलं. "कोणता?" "हिरवा." "हा?" "हिरवा." "आणि हा?" मी गप्प. त्याचे आकडे कुणी लिहून दिले नव्हते. डॉक्टरांनी खोलीतला दिवा लावला आणि कागदावर काहीतरी लिहीत विचारलं, "घरी काय आहे?" म्हटलं, "शेती." "शेतीच करा. तिथे गाड्या एकमेकांवर येत नाहीत."

त्या दिवशी स्टेशनच्या नळावर तोंड धुऊन मी घरी आलो. आईला सांगितलं, उंची कमी भरली. पुढे झेडपीच्या शाळेत मास्तर झालो. मुलांच्या चित्रांना रंग कोणता म्हणून कधी विचारलं नाही.

मास्तरकीत वाचायचा नाद लागला, तेव्हा कळलं की ही तपासणी रेल्वेतूनच आली. 1875 च्या नोव्हेंबरात स्वीडनमध्ये लागरलुंडाजवळ दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. नऊ माणसं गेली. होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकाने मांडलं, की एखाद्या कर्मचाऱ्याला दिव्याचा रंगच कळला नसेल. लोकरीच्या रंगीत लड्या निवडायला लावून त्याने तपासणी सुरू करवली आणि ती देशोदेशी गेली. ठिपक्यांचं पुस्तक जपानच्या इशिहारांनी 1917 च्या सुमारास सैन्यातल्या भरतीसाठी केलं. गंमत अशी, की लागरलुंडाला खरंच रंगांधळेपणामुळे घात झाला का, याबद्दल अभ्यासक आज शंका घेतात. म्हणजे इतक्या लोकांची नोकरी ठरवणारी पद्धत उभी राहिली ती एका तर्कावर.

हे वाचून आधी मला मोठा आनंद झाला. अन्याय झाला म्हणायला आधार मिळाला ना! तो आनंद फार टिकला नाही. 2002 साली अमेरिकेत टालाहासीला पहाटेच्या अंधारात एक मालवाहू बोइंग 727 धावपट्टीच्या अलीकडे झाडांवर आदळलं. धावपट्टीशेजारी चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर विमान बरोबर उतरतंय. चारही लाल म्हणजे फार खाली आलात. विमान उतरवणाऱ्या सहवैमानिकाला लाल-हिरव्याचा गंभीर दोष होता. तिघे वाचले, पण चौकशीत अपघाताच्या कारणांमध्ये थकव्याबरोबर त्याच्या डोळ्यांचाही उल्लेख आला. त्याला रीतसर सूट मिळालेली होती.

हे सगळं उगाळायचं कारण माझा नातू. लेकीचा मुलगा. लहानपणापासून त्याला विमानाचं वेड. आता खान्देशातच धुळ्याला, शिरपूरला वैमानिक घडवतात, मग पोरानं स्वप्न का बघू नये? गेल्या वर्षी सुट्टीत तो मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसला. "आबा, हे बघा, ठिपक्यांचं पान." दुसरं पान आलं. तो म्हणाला, "तीन." त्याच क्षणी मीही म्हणालो, "तीन." भाकरी थापणाऱ्या लेकीचे हात थांबले. तिला तिथून स्वच्छ आठ दिसत होता.

हा दोष बापाकडून लेकीकडे येतो, तिला स्वतःला बहुधा काही होत नाही आणि तिच्या मुलाकडे तो उतरू शकतो. पुरुषांत बराच आढळतो, युरोपात शंभरात आठ. बायकांत अगदी क्वचित. लेक रात्री म्हणाली, "माझ्यामुळे झालं का, आबा?" मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही. माझं देणं होतं, तुझ्या हातून पोचलं." असं म्हटलं खरं, पण त्या रात्री झोप कुणालाच आली नाही.

आठवड्याने कुणीतरी त्याला आकड्यांची यादी पाठवली. पन्नास वर्षांत कागदाचा मोबाइल झाला, आकडे तेच. तो मला विचारायला आला, करू का पाठ? मी आयुष्यभर शाळेत खरं बोला म्हणून सांगितलेलं. तोंडावर तेच आलं होतं. पण आधी त्याला 1976 ची गोष्ट सांगितली. उंची कमी भरली नव्हती, हे घरात पहिल्यांदाच कुणाला तरी कळलं.

तो म्हणाला, "म्हणजे कंदिलाने तुमचं वाटोळं केलं."

"नाही रे. माझा राग पुस्तकावर आहे, कंदिलावर नाही. कंदिलाने मला तेच विचारलं जे रात्री रुळांनी विचारलं असतं. पुस्तकाने नुसतं विचारलं, ठिपके दिसतात का. रुळांवर ठिपके कुठे असतात?"

माझ्या बुद्धीला एवढंच कळतं. मागे बसलेल्या दीडशे माणसांना आपला वैमानिक कोण हे निवडता येत नाही, म्हणून पोराने तपासणीशी खोटं बोलू नये. पण तपासणीनेही कामाशी खरं बोलावं. आपण प्रामाणिकपणा मागतो तो एकट्या पोराकडूनच. रेल्वेने निदान कामाप्रमाणे डोळ्यांचे वर्ग पाडले. गाडी चालवणाऱ्याला एक कस, टेबलावरच्या कारकुनाला दुसरा. 2020 साली सौम्य आणि मध्यम रंगांधळ्यांना गाडीचा परवाना खुला झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रंगांधळ्यांना काही अभ्यासक्रम बंद होते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळे खुले करायला सांगितले. विमानाच्या बाबतीतही ऑस्ट्रेलियात 1989 साली निवाडा होऊन अशा वैमानिकांना बरीच वाट मिळाली. लंडनच्या सिटी विद्यापीठात संगणकावरची चाचणी तयार झाली. ती दोष किती आहे ते मोजते, आणि कामापुरतं दिसणाऱ्याला बाहेर काढत नाही. म्हणजे दार उघडं टाका असं कुणी म्हणत नाही. उंबरठा किती उंच हवा ते मोजून ठरवा, एवढंच.

नातवाने आकडे पाठ केले नाहीत. दुसऱ्या पानाला त्याने तीनच सांगितलं, आणि कागदावर अपात्र असा शेरा घेऊन आला. आता पुढची तपासणी मागतोय, अर्ज लिहितोय. माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतो.

परवा संध्याकाळी त्याला गाडीवर पोचवायला स्टेशनात गेलो होतो. अंधार पडला होता. लांब सिग्नलचा दिवा होता आणि आम्ही दोघेही त्याच्याकडे बघत होतो.

"आबा, दुसऱ्यांदा कंदिलापुढे उभं केलं असतं, तर गेला असता?"

"गेलो असतो. पण कागद घरी ठेवून."

मागून एक बाई गाठोडं उचलत म्हणाली, "सिग्नल पडला वो, चला." आम्ही त्याची बॅग उचलली.