समाजाची संमती

स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव दूर करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९७९ रोजी एक करार मंजूर केला. आपल्याकडच्या स्त्री-चळवळीत त्याला ‘सीडॉ’ म्हणतात. भारताने १९८० साली त्यावर सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी तो रीतसर स्वीकारला. स्वीकारताना एक निवेदन सोबत जोडले. कलम ५(अ) आणि कलम १६(१) आम्ही पाळू. मात्र कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करायचा नाही, या आमच्या धोरणाला धरूनच पाळू, असा त्या निवेदनाचा आशय आहे. ते आजही कायम आहे.

ही दोन कलमे किरकोळ नाहीत. पाचवे कलम स्त्री-पुरुषांच्या ठरीव भूमिकांवर उभ्या असलेल्या चालीरीती बदलण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. सोळावे कलम लग्न आणि कुटुंब यांविषयी आहे: जोडीदार निवडणे, स्वतःच्या मर्जीने लग्न करणे, संसारात आणि काडीमोडात समान हक्क, मुले किती आणि कधी व्हावीत याचा निर्णय, मुलांचे पालकत्व, व्यवसाय, मालमत्ता. ही दोन बाजूला काढली की करारात मतदान, शिक्षण, नोकरी, आरोग्य, नागरिकत्व उरते. तेही थोडे नाही. पण बाईचे शिक्षण किती व्हावे, तिने नोकरी करावी की नाही, दवाखान्यात कधी जावे, हे बहुतेक घरांत कोण ठरवते? बाहेरचे हक्क वापरता येतील की नाही हे घरातच ठरते, आणि नेमके तिथले कलम आपण शर्तीवर ठेवले आहे.

हे सारे पाश्चात्त्यांनी आपल्या गळ्यात घातले, असा आक्षेप नेहमी येतो. इतिहास तसा नाही. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही लग्नाविषयीचे कलम सोळावेच आहे. लग्नात, संसारात आणि लग्न मोडताना दोघांचे हक्क समान असतील, आणि दोघांच्या मुक्त व पूर्ण संमतीनेच लग्न होईल, असे ते सांगते. त्याच्या बाजूने ठामपणे बोलणाऱ्यांत पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इकरामुल्ला होत्या. बालविवाह आणि जबरीचे विवाह थांबवायला हे कलम हवे, असे त्यांचे म्हणणे होते. मानवी हक्क आयोगात भारताच्या वतीने हंसा मेहता बसत होत्या. नुकतीच फाळणी झालेल्या दोन शत्रुदेशांतल्या स्त्रिया तिथे समानतेसाठी झटत होत्या. सौदी अरेबियाच्या प्रतिनिधीने लग्नाच्या कलमाला हरकत घेतली आणि अखेरच्या मतदानात तो देश तटस्थ राहिला. म्हणजे वाद पूर्व आणि पश्चिम असा नव्हता. पूर्वेकडच्या देशांतच तो चालू होता आणि आजही तिथेच आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्याची जुनी घडणही या बाबतीत आड येत होती. मानवी हक्क म्हणजे नागरिकाचे राज्यसंस्थेपासून संरक्षण, अशी त्याची मूळ समजूत. पोलीस कोठडीत माणसाला मारले तर हक्कभंग. नवऱ्याने घरात मारले तर ती घरगुती बाब. खुद्द सीडॉच्या मजकुरात हिंसाचारावर स्वतंत्र कलम नाही. ती उणीव कराराच्या देखरेख समितीने १९९२ साली एकोणिसाव्या सर्वसाधारण शिफारशीने भरून काढली: स्त्री म्हणून होणारी हिंसा हा भेदभावच आहे, आणि ती रोखण्यात राज्यसंस्थेने हयगय केली तर ती जबाबदार ठरते. २००९च्या ओपुझ विरुद्ध तुर्कस्तान या खटल्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने याच दिशेने निकाल दिला. वारंवार तक्रारी करूनही पोलीस-न्यायालयांनी दोन स्त्रियांना घरगुती भांडण म्हणून परत पाठवले होते. शेवटी त्यांतल्या आईला जावयाने गोळी घातली. ही निष्क्रियता म्हणजे लिंगाधारित भेदभाव, असे न्यायालयाने म्हटले. घराचे दार कायद्याला बंद नाही, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला जाहीरनाम्यानंतर साठ वर्षे लागली.

भारतात सीडॉची सर्वांत मोठी कामगिरी म्हणून विशाखा निकालाकडे बोट दाखवले जाते. तो अभिमान योग्यच आहे. पण त्या प्रकरणाचे मूळ पाहावे. भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. १९९२ साली त्यांनी आपल्या गावात एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. त्याआधीच स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि १९९७ साली सरन्यायाधीश वर्मा यांच्या पीठाने सीडॉच्या अकराव्या कलमाचा, म्हणजे रोजगारातील समानतेच्या कलमाचा, आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३चा कायदा त्यांतूनच आला. आज कोणत्याही कचेरीत तक्रार समिती आहे ती या निकालामुळे. मात्र भंवरीदेवी ज्यासाठी लढल्या ते अकराव्या कलमाचे काम नव्हते. ते सोळाव्या कलमाचे काम होते. भारताने बिनशर्त मान्य केलेल्या कलमाचा न्यायालयाला आधार मिळाला, आणि ज्या घरातल्या प्रथेशी त्या भिडल्या ती मुळात राहिली तिथेच राहिली.

आता त्या निवेदनातल्या अटीकडे वळतो. समाजाचा पुढाकार आणि समाजाची संमती. समाज म्हणजे कोण? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८८४ साली दादाजी भिकाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की, अकराव्या वर्षी आपल्याशी लग्न झालेली रखमाबाई नांदायला येत नाही. मी या लग्नाला संमती दिलेली नाही, हे रखमाबाईंचे उत्तर होते. १८८७मध्ये न्यायालयाने सांगितले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढे विलायतेतून डॉक्टर होऊन आल्या. या दाव्यात धर्मरक्षणाच्या नावाने जो आग्रह धरला गेला तो ‘नांदवण्याचा’ दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातला होता. इंग्लंडने तो १९७० साली रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून आहे. परंपरा म्हणून आपण काय काय जपतो, याचा यापेक्षा बोलका पुरावा मला माहीत नाही.

रखमाबाईंच्या खटल्यापाठोपाठ संमतिवयाचा वाद पेटला. कलकत्त्यातील फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्याच्या संभोगामुळे मृत्यू झाला होता. १८९१च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारावर नेले. टिळकांचा विरोध प्रसिद्धच आहे: सुधारणा समाजाने आपली आपण करावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. परक्या सरकारपुढे त्या म्हणण्याला काही वजन होते, हे मी मान्य करतो. पण १९९३ साली न्यूयॉर्कला निवेदन पाठवणारे सरकार परके नव्हते. निम्म्या मतदार स्त्रिया असलेल्या देशाच्या निवडून आलेल्या सरकारने शंभर वर्षांपूर्वीचा तोच युक्तिवाद आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात लिहून दिला. दोन्ही वेळा ज्या मुलीबद्दल बोलणे चालले होते तिला समाजात धरलेच नव्हते.

आणि समाजाने पुढाकार घेतलाच नाही, असेही नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत सचिवालयावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. त्या सात जणी समाज नव्हत्या काय? त्यांना कोणी समाज मानले नाही. समाजाचे मत विचारायचे तेव्हा सरकार उलेमांकडे आणि पुढाऱ्यांकडे गेले. १९८६ साली, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देणारा शहाबानो निकाल फिरवताना, तेच घडले. एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो २०१७मध्ये, तोही तलाक मिळालेल्या स्त्रियाच न्यायालयात गेल्या म्हणून.

इथे हिंदू वाचकाने आपण सुटलो असे समजू नये. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ताही आधी नवऱ्याच्या वारसांना जाते, आईबापांचा क्रम त्यानंतर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेल्या मुलीला सासरने हाकलले होते. माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसे साठवले. ती गेल्यावर ते पैसे सासरच्यांना मिळाले. न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली आणि कायदा आहे तसा लावला.

निवेदनामागे एक खरी भीतीही आहे, आणि ती मी हलकी लेखत नाही. स्त्री-हक्कांचे नाव घेऊन बहुसंख्याकांचे सरकार अल्पसंख्याकांना धाकात ठेवू शकते. समान नागरी कायद्याची आजची बरीच भाषा या भीतीला पुष्टी देते. उत्तराखंडच्या कायद्याने लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची केली, न केल्यास शिक्षा ठेवली. सज्ञान मुलीने स्वतः निवडलेल्या नात्यावर त्यामुळे सरकारची आणि आईबापांची नजर बसते. पण सोळावे कलम एकच कायदा मागत नाही. ते पती-पत्नींत समानता मागते, कायदे कितीही असोत. गोवा हे शेजारचे उदाहरण. पोर्तुगीज काळापासून तिथे विवाहाची नोंदणी सक्तीची आहे आणि संपत्तीत पती-पत्नींचा निम्मा-निम्मा वाटा धरला जातो. ही तरतूद देशातल्या इतर कायद्यांपेक्षा नक्कीच पुढची. तरीही त्याच संहितेत संयुक्त मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे दिलेला होता, आणि पत्नीला पंचविशीपर्यंत मूल किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मुभा १८८०च्या हुकुमाने कागदावर ठेवली. कायदा सगळ्यांना सारखा झाला म्हणून बाई समान होत नाही.

गोव्यामुळे भारताच्या दुसऱ्या निवेदनाचेही उत्तर मिळते. कलम १६(२) विवाहनोंदणी सक्तीची करायला सांगते. तत्त्व मान्य, पण एवढ्या मोठ्या, विविध चालीरीतींच्या आणि साक्षरतेच्या वेगवेगळ्या पातळ्यांच्या देशात ते व्यवहार्य नाही, असे सरकारने कळवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी करण्याचा आदेश दिला. डोंगरपाड्यावरच्या माणसाचेही नाव मतदारयादीत आणि आधारमध्ये येते, त्याच्या लग्नाची नोंद मात्र अशक्य, हे पटण्यासारखे नाही.

शर्तीवर करार स्वीकारण्याची मुभा सीडॉ देतो, पण कराराच्या हेतूलाच बाध आणणारी शर्त चालणार नाही, असे अठ्ठाविसाव्या कलमात लिहिले आहे. सोळावे कलम कराराचा गाभा आहे, हे समितीने अनेकदा सांगितले. मात्र शर्त अवैध ठरवणार कोण? देशादेशांमधले वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची तरतूद भारताने नाकारली आहे. व्यक्तिगत तक्रारीची वाट खुली करणारा १९९९चा पूरक करारही भारताने स्वीकारलेला नाही. बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ यांनी तो स्वीकारला आहे. ढाक्यातल्या स्त्रीला देशातले उपाय संपल्यावर समितीकडे जाता येते, पुण्यातल्या स्त्रीला येत नाही.

निवेदन मागे घेणे अवघड नाही. ट्युनिशियाने २०१४ साली लग्न आणि कुटुंबाविषयीच्या आपल्या राखीव शर्ती मागे घेतल्या. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना लेखी कळवावे लागते. तेवढ्याने हिंदू विवाह कायद्याचे नववे कलम जाणार नाही की उत्तराधिकार कायद्याचे पंधरावे बदलणार नाही. त्यासाठी संसदेलाच काम करावे लागेल. पण न्यायालयात सरकारची भूमिका बदलेल. पतीने केलेल्या बलात्काराला गुन्ह्यातून वगळणारा अपवाद भारतीय न्याय संहितेने त्रेसष्टाव्या कलमात कायम ठेवला. तो काढा, असे वर्मा समितीने २०१३मध्ये आणि सीडॉ समितीने २०१४मध्ये सांगितले होते. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले: पत्नीच्या संमतीला लग्नातही महत्त्व आहे, पण अशा कृत्याला बलात्कार म्हणणे फार कठोर होईल, आणि हा प्रश्न कायद्यापेक्षा सामाजिक अधिक आहे. बिनशर्त सोळावे कलम स्वीकारलेल्या सरकारला असे प्रतिज्ञापत्र द्यायला फार जड गेले असते.