सोसणे कोणाचे?

कीर्तनकाराकडे लोक नाना मागण्या घेऊन येतात. त्यांतली एक मागणी फार जुनी आणि नेहमीची. "बुवा, आज निरूपणात सहनशीलतेवर जरा बोला." सांगणारा बहुधा घरचा कर्ता असतो आणि त्याचा डोळा असतो बायकांच्या बाजूला बसलेल्या सुनेवर. कधी सांगणारा बागायतदार असतो आणि ऐकायचे असते त्याच्या गड्यांनी. आता, ज्याच्यावर दुःख कोसळले तो स्वतः येऊन "सोसायचे बळ द्या" म्हणाला तर गोष्ट निराळी. पण दुसऱ्याने सोसावे म्हणून जो आपल्याकडे नाथबाबांचा दाखला मागतो, त्याला तो द्यावा की नाही? हा धर्माचा प्रश्न आहे, आणि वाटतो तितका सोपा नाही. त्याची एक बाजू मला परमुलखातील एका घरात पाहावयास मिळाली. ती वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेत आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्या बोलावण्यावरून तिकडे जाणे झाले. न्यूयॉर्क आणि बोस्टन या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये हार्टफर्ड म्हणून गाव आहे. तेथे हॅरिएट बीचर स्टो या बाईंचे घर जतन करून ठेविले आहे. या बाईंनी गुलामगिरीविरुद्ध कादंबरी लिहिली. आपल्या भाषेत नाव सांगायचे तर 'टॉमकाकाची झोपडी'. ती १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली आणि पहिल्या वर्षात त्या एका देशात तिच्या तीन लाख प्रती खपल्या. बाई या घरात १८७३ मध्ये राहावयास आल्या आणि १८९६ मध्ये येथेच वारल्या. शेजारीच मार्क ट्वेन या विनोदी लेखकाचा केवढा तरी वाडा आहे. त्याच्यापुढे हे घर साधे, विटांचे. भिंतींवर बाईंनी स्वतः काढलेली फुलापानांची चित्रे आहेत. स्वयंपाकघरात हाताशी लागणाऱ्या वस्तू नीट फळ्यांवर मांडलेल्या. घर कसे चालवावे यावरही बाईंनी बहिणीबरोबर एक पुस्तक लिहिले होते, ते १८६९ साली निघाले. माझ्याबरोबरच्या मंडळींतील बायका त्या स्वयंपाकघरातून हलेनात!

पण या घराची मौज निराळीच आहे. दाखविणारी माणसे वस्तूंची जंत्री वाचीत नाहीत. ती पाहणाऱ्यालाच प्रश्न विचारतात. आमच्या घोळक्याला विचारले, "टॉम हा तुम्हांला कसा माणूस वाटतो?" पुतण्याने मला मराठीत सांगितले. मी म्हणालो, "साधू." तेव्हा शेजारी उभे असलेले एक काळे गृहस्थ हसून म्हणाले, "आमच्यात कोणाला 'अंकल टॉम' म्हटले, तर ती शिवी होते."

साधूचे नाव शिवी कशी झाली, हे समजण्यासाठी आधी ती कथा पाहिली पाहिजे.

टॉम हा केंटकी प्रांतातला गुलाम. धनी वाईट नाही, पण कर्जात बुडालेला. कर्ज फेडायला तो टॉमला आणि एलायझा नावाच्या दासीच्या लहान मुलाला विकावयास काढतो. एलायझा रातोरात मूल घेऊन पळते आणि ओहायो नदीवरच्या फुटक्या बर्फावरून उड्या टाकीत पैलतीर गाठते. टॉम पळत नाही, कारण तो गेला तर त्याच्याऐवजी बाकी सारे विकले जातील. पण एलायझाला मात्र "थांब, सोस" असे तो म्हणत नाही. तिने जावे हेच योग्य, असे सांगतो. हे ध्यानात ठेवा, पुढे कामास येईल. मग टॉम विकला जात जात दक्षिणेस कापसाच्या मळ्यावर लेग्री नावाच्या क्रूर धन्याच्या हाती लागतो. लेग्री त्याला एका दुबळ्या बाईला चाबकाने मारायला सांगतो. टॉम म्हणतो, हे माझ्याने होणार नाही. त्याबद्दल स्वतः मार खातो. पुढे दोन बायका मळ्यावरून नाहीशा होतात. त्या कोठे लपल्या हे टॉमला ठाऊक आहे. ठाऊक आहे हे तो नाकारीत नाही, पण सांगणार नाही म्हणतो. त्या मारातच तो मरतो, आणि मरताना मारणाऱ्यांना क्षमा करतो.

महाभारत ऐकलेल्या माणसाला येथे कर्णपर्व आठवलेच पाहिजे. अर्जुन आपल्या प्रतिज्ञेपायी धर्मराजावर शस्त्र उगारतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगतात. कौशिकाचे व्रत होते, नेहमी खरेच बोलायचे. चोरांच्या भयाने काही लोक रानात दडले. चोर आले, "लोक कोठे गेले?" म्हणून विचारते झाले. कौशिकाने खरे सांगितले. चोरांनी त्या लोकांना मारले, आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. भगवंतांचा निर्णय असा की, अशा प्रसंगी मौनाने सुटका होत असेल तर तोंडच उघडू नये. कौशिकाजवळ वेदविद्या नव्हती, पण व्रत तर होते! टॉमजवळ एक बायबल, तेही अडखळत वाचता येणारे. तरी भगवंतांनी अर्जुनाला सांगितलेला पहिला मार्ग तो आपोआप चालला. खोटे बोलला नाही आणि बायकाही दिल्या नाहीत. याला साधू म्हणायचे नाही तर कोणाला?

मग शिवी कशी झाली? एक कारण असे की, या कथेची नाटके निघाली आणि गावोगाव झाली. त्यांतल्या पुष्कळ नाटकांत टॉमला वाकलेला, धन्यापुढे हांजी हांजी करणारा म्हातारा केले. त्याचा नकार गळाला, वाकणे तेवढे उरले. अहो, कथा सांगणाऱ्याच्या तोंडून असे नेहमीच होते. श्रोत्याला जे सोयीचे तेवढे ठेवायचे! दुसरे कारण बाईंचे स्वतःचे. काळी माणसे स्वभावतःच नम्र आणि भाविक, असे त्या लिहितात. एखाद्या जातीच्या अंगी सोशिकपणा जन्मतःच आहे, असे म्हटले की तिला मारायला जणू परवानाच मिळतो. बाईंना ते अभिप्रेत नव्हते, पण लिहिले गेले ते गेले. कथेच्या शेवटी एलायझाचा नवरा बायकामुलांसह आफ्रिकेत, लायबेरियात जायला निघतो, तेही त्या काळच्या काळ्या वाचकांना खुपले. जन्म येथला, घाम येथे गाळला, आणि मोकळे झाल्यावर जायचे समुद्रापार?

तरी बाईंची थोरवी कमी होत नाही. बाप धर्मोपदेशक, नवरा धर्मशास्त्राचा अध्यापक, आणि सातही भाऊ धर्मोपदेशक. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कीर्तनकारांचे घराणेच म्हणा ना! बाईला मात्र त्या काळी धर्मपीठावर उभे राहता येत नसे. तिने लेखणी धरली. १८४९ च्या पटकीच्या साथीत तिचे दीड वर्षाचे मूल दगावले. दासीचे मूल तिच्यापासून तोडून नेतात तेव्हा तिला काय होत असेल ते त्या बिछान्यापाशी मला कळले, असे तिने पुढे एका पत्रात लिहिले आहे. १८५० साली कायदा झाला, की पळालेल्या गुलामाला आसरा देणारास सहा महिने तुरुंग आणि हजार डॉलर दंड. गुलामांना धर्म सांगणारे कित्येक उपदेशक तर सेंट पॉलची वचने काढून सांगत, की चाकराने धन्याची आज्ञा पाळावी, सोसावे, परलोकी फळ मिळेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या उपदेशकांचे चुकले कोठे? सहनशीलता हा सद्गुण नाही काय? आहेच. आपल्या शास्त्रात शमदमादी सहा साधनांत तितिक्षा सांगितली आहे. दुःख आले असता त्याचा प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणे, असे तिचे लक्षण आचार्य करतात. पण हे साधन कोणाचे? मुमुक्षूचे. तो ते आपणहून घेतो, आणि घेतो ते आपल्या स्वतःच्या दुःखापुरते. दुसऱ्याचे दुःख पाहून जी वृत्ती उठावी तिला तितिक्षा म्हणत नाहीत, तिला दया म्हणतात. शेजाऱ्याच्या पाठीवर चाबूक पडतो आहे आणि मी शांतपणे पाहतो आहे, तर त्यात माझी तितिक्षा कोठली? माझी पाठ तर कोरडी आहे!

पूर्वपक्ष करणारा म्हणेल, "बुवा, मग नाथांचे काय? गोदावरीचे स्नान करून येताना अंगावर थुंकणाऱ्याला ते एक शब्द बोलले नाहीत, पुन्हा पुन्हा स्नान केले." खरे आहे. पण ते अंग नाथांचे होते. तेच नाथ वाळवंटात गाढव तडफडताना पाहून थांबले, आणि रामेश्वरासाठी आणलेली कावड त्याच्या तोंडी रिकामी केली. गाढवाला त्यांनी सोसायला सांगितले नाही. तापल्या वाळूत रडणारे अंत्यजाचे पोर त्यांनी कडेवर घेतले, प्रारब्धाचे निरूपण करीत बसले नाहीत. थुंकीची कथा सांगायची आणि गाढवाची व पोराची गाळायची, म्हणजे नाथांचाही टॉम करण्यासारखे आहे. तो कादंबरीतला टॉमही हाच भेद पाळतो. स्वतःच्या पाठीवरचे फटके सोसतो, दुसऱ्याच्या पाठीवर मारायला नकार देतो, आणि एलायझाला जा म्हणतो.

आणि दास्याविषयी थोडे. आपण स्वतःला विठोबाचे दास म्हणवितो, त्यात धन्यता मानतो. मग दास्य वाईट कसे, असा प्रश्न तिकडे एका तरुण मुलाने मला केला. टॉम लेग्रीला सांगतो, की शरीर तू विकत घेतलेस, आत्मा तुझा नाही, त्याची किंमत दुसऱ्याने आधीच दिली आहे. माझेही उत्तर त्याहून निराळे नाही. एकाचे दास झालेल्याला दुसऱ्याच्या दावणीला बांधता येत नाही. म्हणूनच राजांना भक्तांचा राग येत आला आहे.

हे सारे परक्यांच्या घरचे म्हणून ऐकून सोडून देण्यासारखे नाही. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे. आपण पायरीला हात लावतो, तेव्हा तिचेही दर्शन घेतो. चोखोबांचा सोशिकपणा पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनांतून गाइला गेला आहे. पण त्यांचे अभंग नीट वाचावेत. त्यांत नुसते सोसणे नाही, देवाला विचारलेला जाब आहे, आणि त्यांचा मुलगा कर्ममेळा याचा सूर तर अधिकच कडवट आहे. तो जाब किती जणांनी निरूपणाला घेतला? चोखोबांच्या ज्ञातिबांधवांसाठी विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. विरोध करणाऱ्यांच्या हातीही पोथीच होती. आणि अमेरिकेतील गुलामांची मुक्तता पाहून इकडे कोणाला काही सुचले नव्हते असेही नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ त्या देशातील गुलाम सोडविणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तो १८७३ साली, म्हणजे स्टोबाई या घरात आल्या त्याच वर्षी. त्या ग्रंथाची भाषा आपल्या मंडळींना बोचते, मलाही काही ठिकाणी बोचते. पण जखम ज्याची त्याने ओरडण्याचा सूरही आपणच लावून द्यावा काय?

टॉमसारखा माणूस खरोखर असू शकतो काय, असे लोक विचारू लागले, तेव्हा बाईंनी पुराव्यांचे एक वेगळे पुस्तक १८५३ साली काढले. त्यात जोसाया हेन्सन यांचे नाव आहे. हेन्सन यांनी आपले चरित्र १८४९ मध्येच छापून घेतले होते. ते मला कादंबरीहून मोठे वाटते. १८२५ साली कर्जबाजारी धन्याने त्यांच्यावर अठरा गुलाम सोपवून केंटकीला आपल्या भावाकडे पोचविण्यास सांगितले. वाटेत सिनसिनाटी गाव लागले, तेथे गुलामगिरी नव्हती. तेथल्या मोकळ्या काळ्या लोकांनी विनविले, येथेच राहा, सारे सुटाल. पण हेन्सन यांनी धन्याला शब्द दिला होता. तो पाळला, नाव पुढे हाकली. काही वर्षांनी धन्याने त्या माणसांना विकून टाकले. आपण शब्द राखला आणि एवढ्या जिवांचे मोकळेपण घालविले, ही टोचणी त्यांना पुढे जन्मभर राहिली. भीष्माचार्यांची प्रतिज्ञा आणि कौरवसभेतले त्यांचे खाली घातलेले मस्तक ज्याने निरूपिले आहे, त्याला हे पान वाचताना थांबावे लागते.

मग धन्याने स्वतः हेन्सन यांनाही फसविले. सुटकेचे पैसे घेतले आणि कागदावर भलताच आकडा घातला. त्यांना विकण्यासाठी न्यू ऑर्लिन्सला नेत असता, एका रात्री नावेत झोपलेल्या धन्याच्या पुतण्यावर हेन्सन यांनी कुऱ्हाड उचलली, आणि ईश्वराला भिऊन खाली ठेविली. पुढे तोच पुतण्या आजारी पडला, तर त्याची शुश्रूषा करून त्याला घरी पोचविले. येथपर्यंत क्षमा. आणि १८३० साली तेच हेन्सन बायकामुलांसह पळाले. बायकोने जाड कापडाची मोठी झोळी शिवली होती. तीत दोन लहान मुले बसवून ती पाठीला बांधली, आणि रात्री चालून, दिवसा लपून, कॅनडाची हद्द गाठली. तेथे पळून आलेल्यांची वसाहत आणि शाळा उभी केली, आणि १८८३ साली मोकळा माणूस म्हणून देह ठेविला.

कॅनडात ड्रेस्डेन गावाजवळ त्यांचे घर आहे, तेही राखून ठेविलेले. कित्येक वर्षे त्या जागेला टॉमकाकाच्या झोपडीचेच नाव होते. २०२२ साली ते काढून तेथे जोसाया हेन्सन हे त्यांचे स्वतःचे नाव लावले आहे.