कल्हई की मुलामा?

जुन्या नाशकात पूर्वी गल्लीत कल्हईवाला आला की घराघरांतून तांब्या-पितळेची भांडी बाहेर निघत. भट्टीवर भांडे तापे, नवसागराची पूड पडे, कथलाचा हात फिरे आणि काळवंडलेले पातेले आतून लख्ख होई. त्याला कोणी फसवणूक म्हटले नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट कालवण कळकते, हे प्रत्येक आईला ठाऊक होते. मराठीत असाच दुसरा शब्द आहे, मुलामा. पितळेवर सोन्याचे पाणी चढवतात तो मुलामा. दोन्ही धातूवरचे पातळ थरच. मग एकाला आपण दुरुस्ती म्हणतो आणि दुसऱ्याला लबाडी, ते कशावरून?

हा प्रश्न आमच्या घरात एका खेळण्यामुळे आला. आमचे दुल्हाभाई कुवेतमध्ये नोकरीला असताना त्यांनी मुलासाठी निन्टेन्डो कंपनीचा ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ आणला होता. हे यंत्र २००१ साली बाजारात आले. हातात धरून खेळायचे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. भाच्याला ते परवा जुन्या पेटीत सापडले. बॉडीला तडा गेलेला, काचेवर ओरखडे. सायकलसाठी पैसे हवे होते, म्हणून ते विकायचे त्याने ठरवले. त्याआधी नवी बॉडी मागवली. एम. जी. रोडवर मोबाइलची बदलून देतात, तशीच ही घरी बदलायची.

रविवारी आम्ही दोघे चटईवर बसलो. या यंत्राचे स्क्रू तीन पात्यांचे असतात, त्यांना साधा स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. ते काढले, पडद्याची चपटी पट्टी हलकेच सोडवली, सर्किटची पाटी बाहेर घेतली. बटणे, त्यांखालचे रबर, खांद्याच्या बटणांच्या इवल्याशा स्प्रिंगा, सारे जुन्यातून नव्यात गेले. सेलच्या पत्र्यांवर मात्र हिरवट-पांढरी बुरशी दिसली. कधीतरी सेल गळले होते. व्हिनेगरच्या बोळ्याने पुसले, तरी धातू खाल्ला गेला होता. यंत्र चाले, पण खेळता खेळता मध्येच बंद पडे. नव्या जांभळ्या बॉडीत ते दिसत मात्र होते दुकानातून आत्ताच आणल्यासारखे. कंपनीच्या क्रमांकाची चिठ्ठी जुन्या बॉडीच्या पाठीवरच राहिली.

ग्रीक लेखक प्लूटार्कने थिसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवली आहे. एकेक कुजकी फळी काढून नवी बसवत गेले, तर जहाज तेच राहते का, यावर तत्त्वज्ञ आजही वाद घालतात. आमच्या चटईवरचा प्रश्न त्याहून साधा होता. यंत्र तेच आहे की दुसरे, हे तत्त्वज्ञांनी ठरवावे. घेणाऱ्याला काय सांगायचे, हे आम्हाला ठरवायचे होते.

न्यूयॉर्कमध्ये निन्टेन्डोच्या दुकानात एक गेम बॉय अनेक वर्षे मांडून ठेवला होता. १९९०-९१ च्या आखाती युद्धात तो भाजला, बॉडी वितळून काळी पडली, तरी पडद्यावर खेळ चालूच. लोक पाहायला येत ते त्या जळक्या बॉडीसाठी. तिच्यामुळे त्याचा इतिहास उघड दिसत होता. आमच्या यंत्राचा इतिहास आम्ही नुकताच झाकला होता.

घेणारा तरुण घरी आला. यंत्र उलटसुलट करून म्हणाला, “बॉडी ओरिजिनल आहे ना?” भाच्याने आमच्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर आम्हीही क्षणभर गप्प राहिलो. त्या क्षणाची लाज अजून वाटते.

धान्याच्या राशीची हदीस आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. हुजूर (स.) बाजारात राशीत हात घालतात, आतले धान्य ओले निघते. व्यापारी म्हणतो, पाऊस लागला. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे ते त्याला विचारतात. पाऊस लागणे हा गुन्हा नव्हता. कोरडे वर पसरणे हा होता. फिकहमध्ये ऐब लपवलेला माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, तो याच न्यायाने.

आम्ही जुनी बॉडी आणून समोर ठेवली. गळलेल्या सेलचे सांगितले. त्याने किंमत बरीच उतरवली, जुनी बॉडीही मागून घेतली आणि गेला. भाचा रुसला. संध्याकाळी म्हणाला, “मामू, तुमच्या शाळेत तपासणी असते तेव्हा वाचता येणारी मुले पुढे बसवता आणि कच्ची मागे. ते काय असते?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. भिंतींना चुना लावणे ही कल्हई. वर्ग स्वच्छ राहतो, मुलांचे भलेच होते. पण अडखळणारे पोर मागच्या बाकावर लपवणे? ते तर ओले धान्यच. थर कशाचा आहे यावर काही ठरत नाही. आतल्या वस्तूला तो जपतो की पाहणाऱ्याच्या नजरेपासून लपवतो, यावर ठरते. लपवलेल्या पोराची दुरुस्ती कोण करणार? वाचता येत नाही हे कोणाला दिसलेच नाही, तर त्याला शिकवायचे तरी कोणी?

पुढच्या तपासणीला आम्ही मुलांच्या जागा बदलल्या नाहीत. पहिल्या बाकावरचा मुलगा तीन ओळी वाचताना चार वेळा अडला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. शाळा सुटल्यावर आम्ही त्या मुलाला रोज अर्धा तास थांबवून घेऊ लागलो.