खिडकीतली वीतभर जागा

एका चाळीत एक शिंपी आणि त्याची बायको राहत होती. खोली एकच, खिडकीही एकच. खिडकी पूर्वेची होती. सकाळी आठला ऊन गजांमधून आत यायचं आणि बारा वाजेपर्यंत फरशीवर सरकत राहायचं. त्या खिडकीखाली शिंप्याचं मशीन होतं. बायको लग्न होऊन घरात आली, तेव्हापासून ते तिथून हललं नव्हतं.

शिंप्याचा हात सफाईचा होता. शर्टाची काजं तो अजून हाताने करायचा. गिऱ्हाइकाच्या कापडाचा रंग उडू नये म्हणून ऊन चढलं की पडदा अर्धा ओढून घ्यायचा.

एकदा बायको बहिणीकडे गावी गेली. तिथे अंगणाच्या पडक्या भिंतीवरून ऑफिस टाइमचे वेल खाली ओघळले होते. गावात त्याला चिनी गुलाब म्हणत. रोप मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्याकडे इतकं रुळलं, की माणसं कामावर पोचायच्या सुमाराला फुलतं म्हणून लोकांनी त्याचं नावच ऑफिस टाइम ठेवलं. भिंतभर राणी रंगाची फुलं बघून बाई हरखली. बहिणीने चार काड्या खुडल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या.

घरी आल्यावर तिने तेलाचा रिकामा डबा कापला, माती भरली, काड्या खोचल्या. डबा दाराजवळच्या खिळ्याला टांगला, पाण्याच्या माठाच्या वर. खोलीत रिकामी जागा तेवढीच होती.

रोज सकाळी नळाला पाणी आलं की पहिला तांब्या त्या डब्यात जायचा. काड्या जगल्या, भराभर लांबल्या. पण दोन पानांमध्ये बोटभर अंतर पडलं. देठ दोऱ्यासारखे बारीक आणि फिके झाले. कळी काही धरेना. बाईला वाटलं, तहान भागत नसेल. ती संध्याकाळीही पाणी घालू लागली. तांदळाचं धुवण घातलं, चहाचा चोथा घातला. एके दिवशी वेल हातात घेतला तर तो बुडापासून सुटूनच आला. बूड काळं आणि लिबलिबीत झालं होतं. तो तुटका वेल मांडीवर घेऊन ती उंबऱ्यात बसून राहिली.

तेवढ्यात भाजीवाली मावशी जिना चढून आली. त्या दिवशी तिच्या पाटीत घोळ होती. तिने डबा पाहिला, एक पान नखांत धरून दाबलं. पानातून पाणी आलं. मग तिने पाटीतली घोळीची जुडी त्या वेलाशेजारी ठेवली. पानांचा आकार वेगळा, पण मांसलपणा तोच.

"ही घोळीची बहीण आहे, पोरी," मावशी म्हणाली. "घोळ कुठं उगवते? बांधावर, भर उन्हात. हिचं पाणी हिच्या अंगातच असतं. भरल्या पोटी किती पाजशील?"

"मग काय करू, मावशी?"

"ऊन दे. निदान चार-पाच तास तरी दे. जास्त मिळालं तर आणखी चांगलं. आणि माती सुकल्याशिवाय तांब्याला हात लावू नकोस."

बाईने वेलांचे चांगले शेंडे खुडले. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली. मातीत निम्मी वाळू मिसळली. खालची पानं काढून बोटाएवढ्या तीन काड्या लावल्या. मग डबा हातात घेऊन ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. ऊन एकाच ठिकाणी होतं आणि तिथे तिचा नवरा बसला होता.

ती काही बोलली नाही. घर त्या खिडकीवर चाललं होतं. दोन दिवसांनी तिने विचारलं, "अहो, रविवारी मशीन बंद असतं. तेवढा दिवस डबा खिडकीत ठेवू?"

"ठेव की," शिंपी म्हणाला.

मग डबा दर रविवारी खिडकीत येऊ लागला आणि संध्याकाळी परत खिळ्यावर जाऊ लागला. महिना गेला. काड्या जगल्या, पण तेवढंच. एका दिवसाच्या उन्हावर पुढचे सहा दिवस निघत नव्हते.

एका सकाळी शिंप्याने सुईत दोरा ओवता ओवता मान वर केली. समोर डबा टांगलेला होता. वेलांचे सगळे शेंडे एकाच दिशेला वळले होते. ते उजेडाकडे वळले होते आणि उजेडात तो बसला होता. शिंप्याला वाटलं, हे सगळे आपल्याकडेच बघताहेत. त्याने मान खाली घातली, चार टाके घातले, पुन्हा वर पाहिलं.

मग तो उठला. गळ्यातली टेप काढून त्याने खिडकी मोजली, डबा मोजला. खांदा लावून मशीन वीतभर सरकवलं आणि म्हणाला, "आण तो डबा इकडे."

वीतभर सरकायचं म्हणजे काही थोडं नव्हतं. उजेड आता दुसऱ्या अंगाने येऊ लागला. हाताची सावली सुईवर पडायची. पहिल्या दिवशी एक शिवण वाकडी गेली, ती सगळी उसवावी लागली. पडदाही आता ओढता येईना. म्हणून गिऱ्हाइकांचं कापड रोज घडी करून कपाटात ठेवावं लागे. तिसऱ्या दिवशी त्याने मशीन जरा तिरकं केलं, तेव्हा कुठे हात बसला.

वेलांची पानं जवळ जवळ येऊ लागली. देठांना लाली आली. तीन आठवड्यांनी शेंड्यांवर कळ्या दिसल्या. आणि एके दिवशी सकाळी साडेनऊला, बाई नळावर असताना, पहिलं फूल उमललं. ते शिंप्याने पाहिलं. पाच राणी पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. त्याने हातातल्या दोऱ्याचं टोक हलकेच केसरांना लावलं. केसर हळूच हलले. शिंपी दचकला, मग त्याने पुन्हा लावून पाहिलं. मशीन थांबवून तो गॅलरीत गेला आणि त्याने हाक मारली, "अगं, ये लवकर! दुपारी मिटेल ते."

बाई ओल्या हातांनी धावत आली. फूल बघून झाल्यावर तिची नजर मशीनकडे गेली. "तुम्हाला त्रास होतो ना हो?"

"होत होता, दोन दिवस," शिंपी म्हणाला आणि कामाला बसला.

बाईची माया पहिल्या दिवसापासून खरी होती. पण माया हाताशी असेल तेच आधी देते आणि तिच्या हाताशी तांब्या होता. ऊन तांब्यात भरून देता येत नाही. त्यासाठी उन्हात बसलेल्याला थोडं सरकावं लागतं. मला या गोष्टीत फुलाहून ती वीत मोठी वाटते. घरात कुणी कोमेजलं की आपण खाणंपिणं वाढवतो, विचारपूस वाढवतो. आपली जागा मात्र तशीच धरून बसतो.

तुमच्या मनात घरात ऑफिस टाइम लावायचं असेल, तर जरूर लावा. फक्त कुंडी आणण्याआधी तुमच्या उन्हाच्या खिडकीत कोण बसलं आहे, ते एकदा बघून घ्या.