स्मृतिभ्रंशाच्या मोजमापातील न्याय

स्मृतिभ्रंश, म्हणजे दवाखान्यात ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो विकार, ओळखण्याची पहिली पायरी बहुधा प्रश्नांची असते; काही प्रश्न रुग्णाला विचारले जातात, काही नातेवाइकांना, आणि गुणांची बेरीज एका ठरावीक सीमांकाच्या कोणत्या बाजूला पडते यावर पुढील तपासणी अवलंबून राहते. हे प्रश्न सर्व वंशांच्या व समाजांच्या माणसांना सारखाच न्याय देतात काय, हा एक संख्याशास्त्रज्ञ आणि एक मनोविकारतज्ज्ञ यांच्यातील पुढील संवादाचा विषय आहे.

संख्याशास्त्रज्ञ : सर्वांना तेच प्रश्न आणि तोच सीमांक, याहून सरळ न्याय कोणता? समोरची व्यक्ती कोणत्या वंशाची आहे हे मोजपट्टीला ठाऊकच नसावे.

मनोविकारतज्ज्ञ : वंश ठाऊक नसला, तरी शाळा तिला नेमकी ठाऊक असते. फोल्स्टाइन दांपत्य व मॅक्‌ह्यू यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या ३० गुणांच्या मिनी मेंटल चाचणीत तारीख सांगावी लागते, १०० मधून ७ वारंवार वजा करावे लागतात, एक वाक्य लिहावे लागते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी पाहणीत किमान नऊ वर्षे शिकलेल्यांचा मध्यक २९ होता आणि जेमतेम चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२. म्हणजे २४ हा रूढ सीमांक लावला, तर दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक माणसे विकार असो वा नसो संशयित ठरतात.

संख्याशास्त्रज्ञ : मग प्रत्येक वंशगटासाठी वेगळी प्रमाणके, म्हणजे त्या गटातील निरोगी माणसांच्या गुणांवरून काढलेली अपेक्षित पातळी, वापरावीत.

मनोविकारतज्ज्ञ : तो प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघटनेच्या निवृत्त खेळाडूंना मेंदूच्या दुखापतींची भरपाई ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक पातळीच कमी धरण्याची पद्धत होती, त्यामुळे गुण समान असूनही त्यांची हानी कमी भरत असे. २०२० मध्ये दोन खेळाडू न्यायालयात गेले आणि पुढच्याच वर्षी संघटनेने ती पद्धत सोडण्याचे मान्य केले. निरोग्याला रोगी ठरण्यापासून वाचवणारी दुरुस्ती तिथे रोग्याचा हक्क नाकारण्याचे साधन झाली.

संख्याशास्त्रज्ञ : तर वंश सोडून शिक्षण धरावे. जेनिफर मॅनली यांच्या संशोधनाप्रमाणे कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय वृद्धांच्या गुणांतील तफावत वाचनक्षमता हिशेबात घेताच बरीच ओसरते. वर्णभेदाच्या काळातील वेगळ्या, निकृष्ट शाळांचा तो ठसा आहे.

मनोविकारतज्ज्ञ : हे अधिक खरे आहे, परंतु खरा पेच इथेच आहे. अपुरे शिक्षण हे स्मृतिभ्रंशाच्या जोखमीचे एक कारण मानले जाते, तेव्हा शिक्षणासाठी सूट देताना त्याच अभावाने ओढवलेला विकारही ‘अपेक्षित’ म्हणून झाकला जाऊ शकतो.

संख्याशास्त्रज्ञ : नातेवाइकांना विचारल्यास शाळेचा प्रश्नच उरत नाही, माणसाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या वागण्याशी होते.

मनोविकारतज्ज्ञ : आणि चूक उलट दिशेने होते. सेंट लुइस येथे तयार झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ प्रश्नांच्या एडी-८ या प्रश्नावलीत नवे उपकरण शिकणे, आर्थिक व्यवहार सांभाळणे, ठरलेल्या भेटी लक्षात ठेवणे यांतील बदल विचारला जातो; जिच्याकडे हे व्यवहार कधी आलेच नाहीत, अशा घरातील आजीबद्दल सून प्रामाणिकपणे ‘बदल नाही’ असेच सांगेल. गोव्यात विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसले, की घरची माणसे या लक्षणांकडे आजार म्हणून नव्हे, म्हातारपण म्हणून पाहतात. पुढे १०/६६ या आंतरराष्ट्रीय संशोधकगटाने २००८ मध्ये मांडलेल्या आकड्यांत अमेरिकी मनोविकार वर्गीकरणानुसार ग्रामीण भारतातील प्रमाण अवघे ०.३ टक्के आले, तर त्या गटाच्या स्वतःच्या, निरनिराळ्या संस्कृतींत पडताळलेल्या निकषाने कोणत्याही ठिकाणी ते ५.६ टक्क्यांखाली गेले नाही. एवढे रुग्ण निकष बदलताच प्रकट झाले.

संख्याशास्त्रज्ञ : प्रश्नांचा असा कल शोधण्याची रीत आहे. विकाराची तीव्रता समान असूनही दोन गटांतील माणसे एखाद्या प्रश्नाला ‘होय’ म्हणण्याची शक्यता वेगळी निघाली, तर तो प्रश्न सदोष ठरतो.

मनोविकारतज्ज्ञ : तीव्रता समान आहे, हे कशावरून ठरते?

संख्याशास्त्रज्ञ : बहुधा त्याच प्रश्नावलीतील उरलेल्या उत्तरांवरून, त्यामुळे सगळेच प्रश्न एकाच बाजूला कललेले असतील, तर गणिताला काहीही दिसत नाही, हे मान्य करावे लागेल.

मनोविकारतज्ज्ञ : म्हणून प्रश्न त्या समाजाच्या दिनक्रमातूनच यायला हवेत. हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर वृद्धांसाठी केलेल्या चाचणीत लेखी वाक्याऐवजी बोललेले वाक्य घेतले गेले, आणि नातेवाइकांना जेवण झाल्याचा विसर, गावात वाट चुकणे अशा गोष्टी विचारल्या गेल्या.

संख्याशास्त्रज्ञ : मात्र मग बल्लभगढच्या आकड्यांची अमेरिकेतील आकड्यांशी तुलना दुबळी होते.

मनोविकारतज्ज्ञ : होते, आणि ती किंमत संशोधकांनी मोजावी. वंशानुसार गुणांची सूट बंद व्हावी, प्रत्येक प्रश्नावली स्थानिक रुग्णांच्या सविस्तर वैद्यकीय तपासणीशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये, आणि सीमांक ठरवताना चुकीच्या निदानाचा त्रास व हुकलेल्या निदानाची हानी त्या समाजात कोणाच्या वाट्याला येते, हे आधी विचारले जावे.